आठ सेकंदांची मजुरी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न आला असेल. ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभा आणि मागणीपत्रे यांत गेले, त्याने अमेरिकेतल्या एका घोडेस्वार गवयाविषयी का बोलावे? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. आम्ही त्या माणसाकडे गवई म्हणून नव्हे, कष्टकरी म्हणून पाहतो. त्याने स्वतःच्या धंद्याचे गाणे केले आणि ते गाणे स्वतःच विकले. अशा माणसाच्या चरित्रातून श्रमाविषयी जे शिकता येते, ते जाड ग्रंथांतून नेहमीच मिळते असे नाही.

त्याचे नाव ख्रिस लेडू. जन्म 1948 सालचा, मिसिसिपी राज्यातला. बाप हवाई दलात, त्यामुळे बिऱ्हाड सारखे फिरते. पोरगा वयाच्या तेराव्या वर्षी टेक्सासमध्ये रोडिओत उतरला, पुढे वायोमिंग राज्यात वाढला आणि तिथलाच झाला.

रोडिओ म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. शब्द मूळचा स्पॅनिश. गुरे घेरून एका जागी आणणे असा त्याचा अर्थ. सिनेमाने काउबॉयची जी मूर्ती आपल्यापुढे उभी केली, ती अशी की, हा एकटा, स्वच्छंदी, कोणाचाही नोकर नसलेला वीर. प्रत्यक्षात काउबॉय हा पगारी गुराखी होता. त्यांच्यात मेक्सिकन होते, गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक होते, गरीब गोरे होते. गुरे मालकाची आणि कुरणही मालकाचे. 1883 साली टेक्सासच्या उत्तर भागात या गुराख्यांनी दरमहा 50 डॉलर पगारासाठी चक्क संप केला. तो फसला, आणि अनेकांची कामे गेली. सिनेमात हा संप दिसत नाही. दिसतो तो फक्त सूर्यास्ताकडे जाणारा घोडेस्वार.

या गुराख्यांच्या कामातील कसबांचे पुढे सामने झाले, तिकिटे लागली, आणि त्याचा धंदा झाला. लेडूचा प्रकार होता विनाखोगीर बुजऱ्या घोड्यावर बसण्याचा. घोड्याच्या पाठीवर चामड्याची एक मूठ बांधलेली असते. ती एका हाताने धरायची. दुसरा हात मोकळा, तो कशालाही लागता कामा नये. फाटक उघडले की घोडा उसळतो. त्याच्या पहिल्या उडीला स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वरच्या बाजूस टेकलेल्या असाव्या लागतात, नाहीतर स्वारी बाद. एवढे सांभाळून आठ सेकंद टिकायचे. पंच जे गुण देतात, त्यांतले निम्मे स्वाराच्या कसबाचे आणि निम्मे घोड्याच्या उसळीचे. कोणता घोडा वाट्याला यावा, हे चिठ्ठी ठरवते. या खेळात जनावरांचे हाल होतात असा आक्षेप प्राणिमित्र घेतात, आणि तो आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पण आज आम्हाला बोलायचे आहे ते पाठीवरच्या माणसाविषयी.

आता या धंद्याचा हिशेब ऐका. स्वाराला पगार नाही. उलट सामन्यात उतरण्यासाठी त्यालाच प्रवेश फी भरावी लागते. गावोगावचा प्रवास, जेवणखाण, मोडलेल्या हाडांचा खर्च, सगळे त्याचे. वरच्या क्रमांकात आला तर बक्षिसातला वाटा. नाहीतर आठव्या सेकंदाच्या आधी मातीत पडला की हातात काही नाही, आणि फीही गेली. कामावर येण्यासाठी कामगारानेच पैसे मोजायचे, असा हा कारखाना!

या हिशेबाविरुद्ध स्वार एकदा उठले, ते 1936 साली बोस्टन शहरात. स्वारांनी भरलेल्या फीची रक्कम बक्षिसात मिळवावी आणि बक्षिसे वाढवावीत, अशी मागणी 61 जणांनी सह्या करून केली. भरवणारा आधी नाही म्हणाला. स्वारांनी काम नाकारले, तेव्हा त्याला मागणी मान्य करावी लागली. त्यातून जी संघटना निघाली, तिचे नाव मोठे गमतीचे: ‘काउबॉइज टर्टल असोसिएशन’, म्हणजे काउबॉयांची कासव संघटना. आम्ही कासवासारखे संथ खरे, पण अखेरीस मान बाहेर काढली, असा त्या नावामागचा विनोद सांगतात. कामगारांना एकत्र आणण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला या विनोदातले सत्य समजावून सांगावे लागणार नाही. हीच संघटना 1945 साली नाव बदलून मोठी झाली आणि 1975 साली ‘प्रोफेशनल रोडिओ काउबॉइज असोसिएशन’ बनली. लेडूने 1970 पासून धंदेवाईक स्वार म्हणून नशीब काढायला सुरुवात केली, ती या कासवांनी थोड्याफार नीट करून ठेवलेल्या वाटेवरून.

हे झाले त्याच्या पहिल्या धंद्याविषयी. दुसऱ्या धंद्याचे, म्हणजे गाण्याचे मूळही कष्टकऱ्यांतच आहे. अमेरिकेतली दारूबंदी 1933 साली उठली. टेक्सास आणि ओक्लाहोमा भागात तेव्हा तेलाच्या विहिरींचे काम जोरात होते. मजुरांच्या वस्तीजवळ, रस्त्याच्या कडेला गुत्ते उभे राहिले. त्यांना हॉन्की-टाँक म्हणत. आत गर्दी, नाच, भांडणे आणि ग्लासांचा खणखणाट. अशा गोंगाटात साधी गिटार कोणाला ऐकू येणार? म्हणून तिला वीज जोडली गेली, आणि ठेका ठसठशीत झाला. गाण्याचा विषयही बदलला. खेड्यातले घर, आई आणि देऊळ यांची जुनी गाणी मागे पडली. त्या जागी घर सोडून आलेल्या मजुराचा एकटेपणा, मोडलेला संसार आणि दारू यांविषयी उघडपणे बोलणारे गाणे आले. अर्नेस्ट टबने 1941 साली ही तऱ्हा घरोघर पोहोचवली. हँक विल्यम्सने तिला कळस चढवला, आणि 1953 सालच्या पहिल्याच दिवशी तो अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. ज्या दुःखावर तो गात होता, त्या दुःखाने त्यालाही सोडले नाही.

लेडूच्या गाण्यात हा हॉन्की-टाँकचा प्रवाह आणि गुराख्यांच्या जुन्या गाण्यांचा प्रवाह असे दोन्ही येऊन मिळाले. पुढे त्यात रॉकचा दणकाही आला. पण त्याचे वेगळेपण चालीत नाही, मजकुरात आहे. त्याच्या गाण्यांत रात्रभराचा प्रवास येतो, रिकामा खिसा येतो, दुखावलेले शरीर येते, घरी वाट पाहणारे माणूस येते. सिनेमातला काउबॉय ज्या गोष्टी कधी बोलत नाही, त्या हा बोलतो. कारण त्याला त्या ऐकून नव्हे, भोगून माहीत होत्या.

आणि गाणे सुरू करण्याचे कारणही पोटाचेच होते. रोडिओचा खर्च भागत नव्हता, म्हणून त्याने गाणी ध्वनिमुद्रित केली. मोठ्या कंपनीच्या दारात तो बसून राहिला नाही. आईबापांच्या मदतीने घरचाच एक छाप काढला, ‘अमेरिकन काउबॉय साँग्ज’, आणि रोडिओच्या मैदानाबाहेर आपल्या गाडीतून टेपा विकू लागला. दुपारी घोड्यावर आणि संध्याकाळी गाडीच्या मागे दुकानदार! 1976 साली तो आपल्या प्रकारात जगज्जेता झाला, तरी टेपा विकणे थांबले नाही. दुखापतींनी 1980 नंतरच्या वर्षांत घोडा सोडायला लावला, गाणे राहिले. अशा रीतीने त्याने वीसहून अधिक गीतसंग्रह काढले.

बाहेरच्या जगाने त्याचे नाव ऐकले ते दुसऱ्याच्या तोंडून. गार्थ ब्रूक्स नावाच्या गायकाने 1989 सालच्या आपल्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यात लेडूचे नाव घेतले. हा कोण, म्हणून लोक शोधू लागले. 1991 साली मोठ्या कंपनीचा करार झाला; 1992 साली दोघांनी मिळून गायलेले गाणे देशातल्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले. पुढे लेडूचे यकृत निकामी होत चालले, तेव्हा याच ब्रूक्सने आपल्या यकृताचा भाग देऊ केला. तो जुळला नाही. 2000 साली दुसऱ्या दात्याच्या यकृताचे रोपण झाले, लेडू पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा गायला. 9 मार्च 2005 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी, तो वारला. वायोमिंगमधल्या केसी या चिमुकल्या गावी, जिथे त्याची शेतवाडी होती, तिथे आज घोड्यावर उसळणारा त्याचा पुतळा उभा आहे.

मित्रहो, आता मुद्द्याचा प्रश्न विचारतो. मजूर स्वतःच स्वतःचा मालक झाला, तर तो सुटतो की दुप्पट बांधला जातो? लेडूकडे पाहिले तर वाटते, सुटतो. त्याचे गाणे त्याच्या हातात होते. काय गावे, हे त्याला कोणी सांगितले नाही. पण त्याच्यासोबत फी भरून मैदानात उतरलेले इतर शेकडो स्वार आठवा. तेही कोणाचे नोकर नव्हते. मोडलेली बरगडी मात्र त्यांची स्वतःची होती. ज्याला मालक नाही, त्याला नुकसानभरपाई कोणाकडे मागावी हेही ठाऊक नसते.

हा प्रश्न अमेरिकेत ठेवून घरी जाता येणार नाही. आज आपल्याच शहरात पाठीवर पिशवी अडकवून जेवणाचे डबे पोहोचवणारी मुले दुचाकीवरून धावतात. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, अपघातही बहुतेक त्यांचाच. त्यांना कामगार म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात! शब्द गोड आहे, पण हिशेब त्या रोडिओचाच आहे.

आमचे म्हणणे असे नाही की, लेडूने गाडीतून टेपा विकण्याऐवजी सभा घ्यायला हव्या होत्या. त्याने आपल्या धंद्याचे खरे चित्र गाण्यातून जपले, हे त्याचे ऋण मोठे आहे. ज्या श्रमाचे गाणे होत नाही, तो श्रम लोकांना दिसत नाही. आणि जो दिसत नाही, त्याला दाम मिळत नाही. पण गाण्याने श्रम दिसू लागतो, एवढेच. दाम वाढतो तो 61 सह्यांनी. लेडूसारखा गळा हजारात एखाद्याला लाभतो. कागदावर सही करणारा हात मात्र प्रत्येकाला असतो.

या दोन गोष्टींना आम्ही एकमेकींच्या शत्रू मानत नाही. एकट्याचा स्वाभिमान आणि पुष्कळांची एकजूट एकाच मैदानात नांदू शकतात, हे त्या कासवांनी दाखवून दिले आहे. संथ असणे हा दोष नाही. वेळ आल्यावर मान आतच ठेवणे, हा दोष आहे.