आत उतरणाऱ्याचा श्वास कुणी मोजला?
(नालासोपाऱ्यातल्या युवक शिबिरातलं भाषण)



संशोधन म्हटलं की आपली पोरं जांभया देतात. ते आयआयटीवाल्यांचं, पांढऱ्या कोटातल्या साहेबांचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे. सरकारी पैशातून प्रयोगशाळेत जो प्रश्न विचारला जातो, त्याचा पुढं कायदा होतो, योजना होते, टेंडर निघतं. जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्यात आपला माणूस मरतो.

९ एप्रिल २०२४. पाडवा होता. घराघरावर गुढ्या उभ्या होत्या आणि विरारच्या ग्लोबल सिटीत सांडपाणी प्रकल्प साफ करायला उतरलेले चार मजूर मेले. मोठ्या संकुलात असले प्रकल्प बांधायचे हे धोरणच आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती असावा, याचा आकडा सरकारी कागदावर छापलेला असतो. पाणी तपासायचं शास्त्र आपल्याकडे आहे बरं का! नागपूरला १९५८ सालापासून जनतेच्या पैशावर संस्था उभी आहे, तिलाच आज नीरी म्हणतात. पाण्याचं मोजमाप झालं. टाकीत उतरणाऱ्याच्या छातीत काय जातं, ते कुणी मोजायचं?

हायड्रोजन सल्फाईड. सडक्या अंड्यासारखा वास. पण वायू वाढला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे धोका गेला. तो पुढं सरकतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. एवढं साधं विज्ञान किती ठेकेदारांनी मजुराला सांगितलंय?

आता जरा मागं जाऊ. १९४९ साली मुंबई सरकारनं भंगी कामगारांच्या हलाखीवर बर्वे समिती नेमली. मग केंद्राची मलकानी समिती, अहवाल १९६०. यातून निघालं काय? डोक्यावरची पाटी काढा, ढकलगाडी द्या. पाटी गेली, मैला राहिला, माणूस तोच राहिला! दुसरीकडे लखनौच्या सरकारी संस्थेत पाणी ओतायच्या संडासाचं डिझाईन झालं. ते काम चांगलंच होतं, मी नावं ठेवत नाही. कोरडे संडास हटवायचा रस्ता त्यातून सापडला. पण सगळी नजर कोरड्या संडासावर खिळली, ती कायद्यातही तशीच उतरली. १९९३ चा कायदा कोरड्या संडासाचा. गटार, सेप्टिक टँक त्यात नाही. त्यासाठी २०१३ उजाडावं लागलं. आणि त्यातही मेख मारलीच: 'धोकादायक सफाई' म्हणजे सुरक्षा साधनं न देता केलेली सफाई. म्हणजे साधनं दिली की उतरवायला मोकळे. हातमोजे देऊन सही घेतली, झालं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मृत्यूमागं दहा लाख ठरवले, ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख. मरणाची किंमत वाढली. त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. मला चंद्राचं वाकडं नाही. आपलीही पोरं इस्रोत जावीत. पण चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यंत्र उतरवणाऱ्या देशाला विरारच्या टाकीत यंत्र उतरवता येत नाही, हे कुणाला पटेल?

येतं की! केरळच्या पोरांनी २०१८ मध्ये मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव आणला. आयआयटी मद्रासनं सेप्टिक टँकसाठी 'होमोसेप' केलं, सफाई कर्मचारी आंदोलनाला सोबत घेऊन. ते लोकांपर्यंत न्यायला मात्र कंपन्यांचा सीएसआर पैसा लागला. तामिळनाडूत ती यंत्रं महिला बचत गटांकडे दिली, टाकीत नवरे गमावलेल्या बायकांच्या हाती. ही गोष्ट मला यंत्रापेक्षा मोठी वाटते. नाहीतर यंत्र ठेकेदाराचं आणि आपला माणूस पुन्हा बेकार, एवढंच होणार.

देश संशोधनावर जीडीपीच्या एक टक्कासुद्धा खर्च करत नाही. त्या थोडक्यातलं आपल्या वाट्याला काय, ते विचारायला आपण मोर्चे काढले नाहीत. राखीव जागांसाठी काढले, नामांतरासाठी काढले. हाही काढावा लागेल.

सुरुवात वसई-विरारपासून. २००९ ची महापालिका, २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर वस्ती. सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा: उपसा यंत्रं किती, वायू मोजायची उपकरणं किती आणि शेवटची कधी वापरली, खाजगी संकुलांतल्या टाक्या कोण तपासतं? दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. ज्यांचं अक्षर बरं आहे त्यांनी चहानंतर थांबा.