लेकरांना नकाशा दाखवा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



 मी काही वक्ता नाही. सगळं आयुष्य मास्तरकीत गेलं. आता दर रविवारी इथे विहारात लेकरांचा वर्ग घेतो. त्या वर्गात जे घडलं, तेच आज सांगतो.

आपली लेकरं प्रश्नमंजूषेत फार हुशार आहेत. पुणे करार कधी झाला? २४ सप्टेंबर १९३२. कुठे? येरवडा तुरुंगात. राखीव जागा किती? १४८. पटापट उत्तरं येतात. एकदा मी विचारलं, "बाळांनो, या १४८ जागा होत्या कुठे?" सगळा वर्ग गप्प.

मग आम्ही फरशीवर खडूने त्या काळच्या हिंदुस्थानचा नकाशा काढला. लेकरांनी घरून चिंचोके आणले. एक जागा म्हणजे एक चिंचोका. मद्रास ३०, बंगाल ३०, संयुक्त प्रांत २०, मध्य प्रांत २०, बिहार-ओरिसा १८, सिंधसह मुंबई १५, पंजाब ८, आसाम ७. घरी जाऊन बेरीज करून पाहा, बरोबर १४८ भरतात.

तेवढ्यात एक चिमुरडी म्हणाली, "सर, आपलं भोकर कुठंय?" मी बोट ठेवलं. तिथे एकही चिंचोका नव्हता.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आपल्यातल्या कित्येक मोठ्यांनाही ठाऊक नाही. भोकर, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुणे करार होता ब्रिटिश प्रांतांच्या कायदेमंडळांसाठी. संस्थानातल्या आपल्या माणसांना त्यातली एकही जागा नव्हती. हिमायतनगरच्या पुढे पैनगंगा लागते. नदीपल्याड उमरखेड, पुसद, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडही निजामाचंच होतं, पण १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिलं. त्यामुळे ते मध्य प्रांतात धरलं गेलं. १९३७ च्या निवडणुकीत वऱ्हाडातून राखीव जागांवर आमदार निवडून गेले. नदीच्या दोन्ही काठांवर माणसं आपलीच, दुःखही तेच. पण एका जुन्या तहाने हक्काची वाट वेगळी झाली. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. राखीव जागा आल्या त्या बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानाने, १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत. संविधानाचं मोल आपल्याला किती आहे, ते त्या रिकाम्या जागेवरून लेकरांना कळलं. मला वेगळं समजवावं लागलं नाही.

दुसऱ्या रविवारी एका पोराने पेच टाकला. "सर, ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात ७१ जागा होत्या. कराराने १४८ झाल्या. मग फायदाच झाला ना?" मी म्हटलं, चिंचोके दुप्पट झाले, खरं आहे, पण चिंचोका ठेवणारा हात कोणाचा, तेही बघ. निवाड्यात आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडायचा हक्क होता, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत होतं. करारात मतदारसंघ संयुक्त झाले. उमेदवार आपला, पण शेवटी त्याला निवडणारी बहुसंख्य मतं दुसऱ्यांची. बाबासाहेबांना ही सल पुढे कायम राहिली. म्हणून करार वाचताना आकडा बघावा आणि आकड्यामागचा हातही बघावा.

करार नकाशावर तपासावा लागतो, हे जगभरचं आहे. अमेरिकेतल्या मूळनिवासी लाकोटा लोकांशी तिथल्या सरकारने १८६८ मध्ये करार केला आणि ब्लॅक हिल्स नावाचा डोंगराळ मुलूख त्यांचा म्हणून मान्य केला. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये तो मुलूख काढून घेतला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यावी असा निकाल दिला. लाकोटांनी पैसे घेतले नाहीत. आमची जमीन द्या, म्हणाले. आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवला, तर सहावीच्या पोरालाही अन्याय दिसतो.

आता तिसरा खेळ, आणि हा आपल्या घराघराशी निगडित आहे. एक चिंचोका म्हणजे एक लाख बौद्ध. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर बौद्ध होते अवघे अडीच हजार. एक चिंचोकाही ठेवता येईना! मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९६१ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ २८ लाख बौद्ध मोजले गेले, साऱ्या देशात साडेबत्तीस लाख. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाख, देशात ८४ लाख. लेकरं चिंचोके मांडत गेली आणि म्हणाली, "सर, नकाशा भरला!"

पण हे चिंचोके आकाशातून पडत नाहीत. मोजणीदार दारात येतो, तेव्हा घरातलं कोणीतरी उत्तर देतं, त्यातून ते येतात. २०२१ ला व्हायची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख सरकारने जाहीर केली, आणि त्यात जातही विचारायचं ठरलं. काही घरांत अजून भीती आहे की धर्म बौद्ध सांगितला तर सवलत जाईल. ही भीती काढून टाका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत स्थान मिळालेलं आहे. धर्म बौद्ध सांगा, जात विचारली तर तीही बरोबर सांगा. देगलूर, उदगीर राखीव आहेत, त्या जागा लोकसंख्येच्याच हिशेबाने ठरतात. जो मोजला गेला नाही, तो हिशेबात येत नाही.

म्हणून मातांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे. त्याखाली एक नकाशाही लावा. लेकराला त्यावर बोट ठेवून आपलं गाव शोधू द्या. आणि त्याने विचारलं, "इथे तेव्हा काहीच का नव्हतं?", तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर द्या.