पिवळ्या डागाची साक्ष

गुरूचा चंद्र युरोपा बर्फाने पुरता झाकलेला आहे आणि त्या बर्फातल्या भेगांच्या कडेने तांबूस-पिवळे पट्टे उमटलेले आहेत. बर्फाखाली खारा समुद्र असावा, हे गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय मोजमापांवरून दिसले. पृष्ठभागावर गंधकाची संयुगे असल्याचे वर्णपटावरून कळते. समुद्र आहे आणि गंधकही आहे म्हटल्यावर जीवसृष्टीची चर्चा रंगणारच. पण गंधक सापडणे हा जीवाचा पुरावा नव्हे. त्या गंधकाचे तिथे काय झाले, हे कळले तरच पुराव्याची भाषा करता येईल.

याचा पडताळा पृथ्वीवर घेता येतो. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समिअर बेटावरच्या बोरप फियोर्ड खिंडीत हिमनदीच्या बर्फातून गंधकयुक्त पाण्याचे झरे फुटतात. पांढऱ्याशुभ्र बर्फावर पिवळा थर पसरतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की शुद्ध गंधक साचतो. या क्रियेतल्या ऊर्जेवर जगणारे जिवाणू तिथे आहेत. मात्र ही क्रिया जिवाणूंवाचूनही घडते. म्हणजे नुसत्या रंगावरून निवाडा होत नाही. आकारावरून होईल? तोही फसवा आहे. सेंद्रिय द्रव्य आणि सल्फाइड एकत्र आले की कार्बन व गंधकाचे तंतू आणि गोळे आपोआप तयार होतात, हुबेहूब जिवाणूंसारखे, असे कोलोरॅडो विद्यापीठातील ज्युली कॉसमिडिस व अ‍ॅलेक्सिस टेम्पलटन यांनी 2016 साली दाखवून दिले.

यावर कोणी म्हणेल, बोरपला हवा आहे, ऊन आहे. युरोपाशी त्याची तुलना कशाला? आक्षेप रास्त आहे, पण बोरपवरून युरोपावर जीव असल्याचे कोणी सिद्ध करत नाही. बोरपमध्ये उत्तर आधीच ठाऊक आहे, म्हणून आपली उपकरणे आणि आपले तर्क तपासून घेता येतात. शिवाय ऑक्सिजन युरोपावर अगदीच नाही असे नाही. गुरूभोवतीच्या किरणोत्साराने बर्फाचे रेणू फुटून तो थोडाफार तयार होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आयो या शेजारच्या चंद्रावरील ज्वालामुखींनी उधळलेला गंधक, कक्षेत फिरताना युरोपाची जी बाजू मागे राहते, तिच्यावर सतत आदळतो. मग डाग समुद्रातून आला की बाहेरून? म्हणूनच मागची बाजू सोडून, अलीकडे फुटलेल्या भेगांजवळचे द्रव्य तपासणे शहाणपणाचे. सल्फेटपासून सल्फाइड बनवणारे जिवाणू हलका गंधक जास्त उचलतात, त्यामुळे गंधकाच्या समस्थानिकांचे प्रमाण बदलते. निर्जीव क्रियांतही असा बदल होऊ शकतो, हे खरे. पण समस्थानिक, सेंद्रिय रेणू आणि ऊर्जेचा स्रोत या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी एकच सांगू लागल्या, तर निर्जीव खुलाशाला जागा कमी उरते.

ऑक्टोबर 2024 मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान 2030 साली गुरूपाशी पोहोचेल. ते जीव शोधायला निघालेले नाही. तिथे जीव तग धरू शकेल का, एवढेच पाहणार आहे. तेव्हा ‘युरोपावर गंधक सापडला’ अशी बातमी आली, तर आधी विचारावे: कोणत्या बाजूला, कोणत्या रूपात आणि सोबत आणखी काय सापडले?