ग्रंथांचे मोल आणि समाजाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सव हा हिशेबाचा क्षण असतो. पन्नास वर्षांत काय मिळविले याची गणती होतेच. पण काय सांभाळले याचीही व्हावयास हवी. सांभाळण्याजोग्या वस्तूंमध्ये ग्रंथाचे स्थान पहिले. जगातील प्रसिद्ध प्राचीन ग्रंथांत अधिक मोलाचा कोणता, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कोणी वय पाहतो, कोणी सौंदर्य, कोणी लिलावातील किंमत. या सर्वांहून खरी कसोटी निराळी आहे. ही एक प्रत नसती, तर मानवजातीचे काय गेले असते? या कसोटीवर काही ग्रंथ पारखून पाहू.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चिनी भाषेतील वज्रसूत्राची गुंडाळी आहे. लाकडी ठशांनी छापलेल्या या बौद्ध ग्रंथावर इ. स. ८६८ ही तिथी स्पष्ट नोंदलेली आहे. तिथीचा उल्लेख असलेला हा जगातील सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ होय. वांग जिए नावाच्या गृहस्थाने आपल्या माता-पित्यांच्या नावे, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी तो करविला. आपल्या भाषेत हे शास्त्रदानच! तुनहुआंग येथील बंदिस्त गुंफेत तो शेकडो वर्षे सुरक्षित राहिला. ही प्रत नसती तरी वज्रसूत्र राहिलेच असते, कारण त्याच्या प्रती अन्यत्र होत्या. मुद्रणाच्या इतिहासाचा एक अमोल साक्षीदार मात्र गेला असता.

इ. स. १४५५ च्या सुमारास जर्मनीतील माइन्झ नगरात गुटेनबर्गने सुट्या धातूच्या खिळ्यांनी बायबल छापले. सुमारे १८० प्रती निघाल्या. आज पूर्ण व अपूर्ण मिळून पन्नासच्या आसपास उरल्या आहेत. बायबलचा पाठ त्यापूर्वीही सर्वत्र होताच. या ग्रंथाचे मोल मजकुरात नसून प्रसारात आहे. विद्या मूठभरांच्या हातून अनेकांच्या हाती जाण्याचा मार्ग युरोपात त्याने मोकळा केला.

परंतु छापले म्हणजे टिकले, असे समजण्याचे कारण नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. छापखाना हरला आणि बोरू जिंकला, असे हे उदाहरण आहे.

आता आपल्या घरातील ठेव्याकडे वळू. परंपरा सांगते की, गिरनारच्या गुंफेत आचार्य धरसेनांनी लोप पावत चाललेले श्रुतज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना दिले. त्यातून षट्खंडागम रचला गेला. त्यावर आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ ही ७२,००० श्लोकप्रमाण टीका लिहिली. ती इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली, असा निर्णय डॉ. हिरालाल जैन यांनी दिला आहे. कर्मसिद्धांताच्या या ग्रंथात गणितही आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ते सांगणारा ‘अर्धच्छेद’ त्यात आहे.

ही धवला शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या बसदीत जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर होती. यात्रेकरूंना तिचे दर्शन घडे. अध्ययन घडत नसे. ताडपत्रे मात्र झिजत होती. मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या महाराष्ट्रातील दोन श्रावकांना ती अवस्था पाहवली नाही. त्यांच्या खटपटीने १८९६ मध्ये नकलांचे काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती शास्त्री यांनी ते हाती घेतले. सर्व सिद्धांतग्रंथांच्या नकला पुऱ्या होण्यास १९२२ साल उजाडले.

तरीही नकला बाहेर नेण्यास संमती नव्हती. अखेर एक नक्कल गुपचूपच बाहेर गेली, सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून आणखी प्रती झाल्या. राखणदारांची भीती समजण्याजोगी होती. पवित्र वस्तूची विटंबना होऊ नये, हीच त्यांची भावना. त्यांनी शतके राखण केली नसती, तर नक्कल करण्यास काही उरलेच नसते. परंतु केवळ राखणच होत राहिली असती, तर कुलपाआड एके दिवशी भुगा उरला असता. पुढे अमरावतीत प्राध्यापक असलेल्या हिरालालजींच्या संपादनाखाली १९३९ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि १९५८ पर्यंत सोळा खंड पूर्ण झाले. समाधानाची गोष्ट अशी की, हे काम पाहून मूडबिद्रीनेही पुढे ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास अनुमती दिली.

कसोटी पुन्हा लावून पाहा. वज्रसूत्राची ती प्रत हरवली असती तर एक साक्ष गेली असती. गुटेनबर्गच्या प्रती हरवल्या असत्या तर एक कलाकृती गेली असती. मूडबिद्रीची पाने गेली असती तर ज्ञानच गेले असते, कारण दुसरीकडे ते नव्हते.

जेसलमेरच्या ज्ञानभांडाराची कथाही अशीच बोधप्रद आहे. पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी तेथे ताडपत्रे एकत्र केली आणि १९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी तेथे राहून ती लावली, त्यांची सूची केली. संग्रह करणारा आणि सूची करणारा, दोघेही सारखेच उपकारकर्ते.

बंधू-भगिनींनो, श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला आपण पोथ्यांची पूजा करतो. पूर्वज त्या दिवशी पोथ्या उघडीत, झटकीत, कसर लागली आहे का ते पाहत आणि कोऱ्या वेष्टनात पुन्हा बांधीत. पूजेत देखभाल होती. आज गंध-अक्षता राहिल्या आणि गाठ मात्र वर्षानुवर्षे सुटत नाही. कित्येक घरांतील माळ्यावर आजोबांच्या हातची पोथी पडलेली आहे. नातवाला ती मोडी की देवनागरी हेही ठाऊक नाही. तिची दुसरी प्रत आहे की नाही, हे गाठ सोडल्यावाचून कसे कळणार?

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एवढे करावे. घरोघरच्या पोथ्यांची यादी करावी, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, जाणकारांकडून वाचन करवून घ्यावे आणि मूळ पोथी धन्याच्या घरी सन्मानाने परत करावी. मंदिराचा कळस पुन्हा चढविता येतो. एकमेव पोथी गेली, तर ती पुन्हा लिहिणारे वीरसेन कोठून आणणार?

जय जिनेंद्र!