एकत्र येण्याचा जमाखर्च



 अर्थशास्त्राच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून आज मी युरोपच्या आर्थिक अडचणींविषयी आणि त्याच्या राजकीय एकीकरणाविषयी माझी मते मांडणार आहे. चंद्रपुरात बसून युरोपचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. १८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी पॅरिसमध्ये करार केला, तो कोळसा आणि पोलादाची व्यवस्था एकत्र करण्याचा. आजचा युरोपीय संघ त्यातूनच वाढला. कोळसा आणि लोखंड ही चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्याही दोन जिल्ह्यांची संपत्ती आहे, आणि मोठ्या राज्यात सामील होण्याचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, विदर्भाने मराठी राज्यात सामील होण्याविषयीचा नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, सरकारी नोकऱ्यांत वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि वर्षातून एक अधिवेशन, अशी त्यातली आश्वासने होती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. तरीही आपण १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. खंडपीठ आणि अधिवेशन आजही आहेत. निधीच्या कलमाचे काय झाले, ते वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये आकड्यांत मांडले. राज्याचा विकासातला एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. घटनेच्या कलम ३७१(२) खालची वैधानिक विकास मंडळे यायला १९९४ साल उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदतही संपली.

आता युरोपकडे पाहू. १ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत युरोच्या नोटा खेळू लागल्या. चलन एक झाले, पण तिजोऱ्या बाराच राहिल्या. ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा त्याला चलनाचे अवमूल्यन करता येईना आणि सामाईक तिजोरीतून हक्काने काही मागताही येईना. २०१० मध्ये ११ हजार कोटी युरोचे कर्ज मिळाले, ते निवृत्तिवेतन आणि पगार कापण्याच्या अटींवर. २०१३ पर्यंत तिथली बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. ग्रीसच्या सरकारांनी तुटीचे आकडे दडवले, हा त्यांचा दोष होताच. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या हिशेबाशी काहीही संबंध नव्हता.

या बाबतीत आपली स्थिती बरी आहे. भामरागड तालुक्यातून महसूल किती गोळा होतो, यावर तिथल्या शिक्षकाचा पगार ठरत नाही. तो राज्याच्या तिजोरीतून येतो. युरोपने कोरोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, ७५ हजार कोटी युरोचे सामाईक कर्ज उभारायचे ठरवले आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग अनुदान म्हणून द्यायचे मान्य केले. माझ्या मते हे पाऊल योग्य होते. ते दहा वर्षे आधी पडायला हवे होते.

पण नुसत्या पैशाने माणसे जोडली जात नाहीत. वेल्समधले एब्बू व्हेल हे कोळसा आणि पोलादाचे गाव. तिथला पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद पडला. पुढे युरोपीय संघाच्या निधीतून रस्ते झाले, रेल्वे आली, महाविद्यालय उभे राहिले. तरी २०१६ च्या सार्वमतात त्या भागातल्या ६२ टक्के मतदारांनी संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. कारणे अनेक असतील. मला त्यातले मोठे कारण हे दिसते, की निधी आला पण निर्णयात गावाला जागा नव्हती. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. २,९२० मेगावॉटचे वीज केंद्र आपल्या उशाला आहे. राख आणि धूर इथे राहतो, वीज राज्यभर जाते.

यावरचे उत्तर आपल्याच धानोरा तालुक्यात आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या एका पुस्तकाने गाव आपल्या मालाचा विक्रेता झाला. लोकांना सर्वांत जवळच्या पातळीवर निर्णय व्हावेत, हे तत्त्व युरोपने १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात लिहिले. मेंढ्याने ते सर्वसहमतीने चालवून दाखवले.

आज गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. उन्हाळ्यात फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, सत्तर-सत्तर पानांचे पुडे मोजून घेतले जातात आणि ग्रामसभेच्या वहीत त्यांची नोंद होते. पण भाव पडला की ठेकेदार हात वर करतो आणि मजुरी अडकते. अशा वेळी एकट्या गावाचा निभाव लागत नाही. राज्याची तिजोरी पाठीशी लागते. गावाचा अधिकार आणि सामाईक तिजोरी या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून लंगड्या आहेत, हेच मला आज सांगायचे आहे. म्हणूनच वेगळे राज्य झाले की सारे प्रश्न सुटतील, असे मी मानत नाही. राजधानी नागपूरला आली तरी एटापल्ली आणि सिरोंचा दूरच राहतील.

माझ्या तीन मागण्या आहेत. विकास मंडळे पुन्हा कामाला लागावीत आणि त्यांच्या अहवालावर विधिमंडळात दरवर्षी चर्चा व्हावी. तेंदूपत्त्याचा भाव कोसळल्यावर ग्रामसभांना आधार देणारा राज्य निधी असावा. सुरजागडचे लोहखनिज आणि आपला कोळसा यांच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे येणारा पैसा खर्च करताना बाधित गावांच्या ग्रामसभांची संमती घ्यावी.

चौथे काम आपले आहे. या परिषदेतल्या प्रत्येक महाविद्यालयाने एक तालुका घ्यावा. तिथून कोळसा, खनिज, बांबू, वीज किती बाहेर जाते आणि निधी किती परत येतो, याचा जमाखर्च विद्यार्थ्यांकडून मांडून घ्यावा. दांडेकरांचे आकडे पुढे आले, तेव्हाच अनुशेषाची तक्रार सरकारला गांभीर्याने घ्यावी लागली. तालुक्यांचे हे आकडे पुढच्या अधिवेशनात या व्यासपीठावर यावेत, अशी आपणा सर्वांना माझी विनंती आहे.