ध्येय आणि मधली वर्षे

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही मुलांना एक प्रश्न विचारतो, ‘पुढे काय होणार?’ उत्तरे ठरलेली असतात. कलेक्टर, डॉक्टर, इंजिनिअर. टाळ्या पडतात, सत्कार होतो आणि आम्ही घरी जातो. अशाच टाळ्या मिळवलेला एक मुलगा मागे सातपूरला कारखान्याच्या गेटवर दिसला. नजर चुकवून निघाला होता; आम्हीच हाक मारली. वडील अंथरुणाला खिळले म्हणून कॉलेज सुटले होते. ‘सर, तुम्हांला तोंड दाखवायची लाज वाटते,’ म्हणाला. खरे म्हणजे लाज आम्हांला वाटली पाहिजे. स्वप्न काय ते आम्ही विचारले. ते मध्येच अडले तर काय करायचे, हे कधी सांगितले नाही.

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या लहान मुलांनाही पाठ असतात. पण त्या पदव्यांच्या मधली वर्षे कोणी सांगत नाही. कोलंबियातले शिक्षण करून बाबासाहेब 1916 साली लंडनला गेले. अर्थशास्त्राचा अभ्यास आणि बॅरिस्टरी दोन्ही सुरू झाले. तोच 1917 मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. जहाजाने वेगळे पाठवलेले सामान, त्यातली पुस्तके, युद्धात बुडाली. करारानुसार बडोद्याला नोकरीस गेले, तर तिथे राहायला जागासुद्धा मिळू दिली नाही. आपल्यापैकी कितीजण इथे थांबले असते, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

पण लंडन सोडताना त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. अभ्यास पुन्हा सुरू करायला चार वर्षांच्या मुदतीची परवानगी मिळवली होती. म्हणजे ध्येयाला तारीख होती. 1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून घर चालवून त्यांनी शिल्लक टाकली. घर म्हणजे परळच्या चाळीतले. त्या काटकसरीचा निम्मा भार माता रमाईंनी वाहिला, तो आम्ही भाषणात एका वाक्यात उरकतो, हे बरे नव्हे. शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, अशी जुळवाजुळव करून 1920 मध्ये, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर, 1923 मध्ये डी.एस्सी. शिकवणे, पैसे साठवणे आणि त्यातच 1920 च्या जानेवारीत ‘मूकनायक’ काढणे, ही मधल्या तीन वर्षांची कमाई. ही वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल?

काही विद्यार्थी म्हणतात, ‘आम्हांला ध्येयच सापडत नाही.’ त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात असे. 2011 मध्ये वडील गेले. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला, आणि तिथे पहिल्यांदा नौकानयनाशी त्याची गाठ पडली. पाण्यासाठी जमीन खोदणाऱ्या मुलाने वल्हवण्याचे स्वप्न कुठून पाहणार? 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीत प्रकृतीने दगा दिला, आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. ध्येय त्याला काम करता करता भेटले.

विद्यार्थी मित्रहो, म्हणून आमची विनंती साधी आहे. वहीच्या एका पानावर लिहा : कोणती परीक्षा, फीला किती पैसे, अर्जाची शेवटची तारीख कोणती. ‘खूप शिकेन’ असे लिहू नका, ते आम्ही भाषणात म्हणण्यासाठी आहे.

त्या मुलाबरोबर आम्ही परवा असेच बसलो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्या नाशिकमध्ये आहे. नोकरी करत पदवी घेता येते. एवढी वर्षे या शहरात राहून आम्ही ते त्याला आधी का सुचवले नाही, कोण जाणे! कोणत्या पाळीला किती तास मोकळे मिळतात आणि पगारातून महिन्याला किती बाजूला पडेल, याचा हिशेब त्याने स्वतःच मांडला. आईच्या औषधांचा खर्च आम्ही विसरलो होतो, तो त्यानेच मध्ये घातला, आणि मग प्रवेश एक वर्ष पुढे गेला. आम्ही हळहळलो; त्याने मात्र नवी तारीख लिहिली.

येत्या रविवारी सायंकाळी आम्ही अभ्यासिकेत आहोत. ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले आहे त्यांनी, मुलींनी आणि सुनांनीही, अवश्य यावे. गुणपत्रिका सापडत नसेल तरी चालेल. वही आणावी.

जय भीम.