बायॉप्सीचा रिपोर्ट आला, आता पुढे?

आजचा विषय जरा जड आहे. फुप्फुसाचा कॅन्सर. घरात कुणी इंजिनिअर असलं की सगळ्या पीडीएफ त्याच्याच व्हॉट्सॲपवर येतात, लाइटबिल असो की बायॉप्सी. म्हणून तुमच्याशीच बोलतोय.

आपल्याकडे एक्स-रेवर डाग दिसला की आधी टीबी आठवतो. साहजिक आहे, खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त, दोन्हीकडे तेच. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि टीबीच्या गोळ्यांनीही फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि बायॉप्सीचं विचारा.

रिपोर्टमध्ये आधी प्रकार बघा. स्मॉल सेल की नॉन-स्मॉल सेल? शंभरातले साधारण 85 नॉन-स्मॉल सेल असतात. त्यात 'ॲडेनोकार्सिनोमा' लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न महत्त्वाचा: जनुकांची तपासणी केली का? ईजीएफआर, एएलके, आरओएस1. भारतात या प्रकारच्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये ईजीएफआरमध्ये बदल सापडतो. मग आजार पसरलेला असला तरी बऱ्याचदा किमोऐवजी रोजच्या गोळीने उपचार सुरू होतात.

माझ्या आत्याने कधी मिश्रीसुद्धा लावली नव्हती, म्हणून घरात सगळे म्हणाले, "रिपोर्ट बदलला असेल." बदलला नव्हता. सिगारेट हे सगळ्यात मोठं कारण आहेच, पण कधीच न ओढणाऱ्यांनाही हा होतो, आणि ईजीएफआरचा बदल त्यांच्यातच जास्त दिसतो.

या तपासणीला एक-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. हे दिवस फार वाईट. काका रोज म्हणायचे, "काहीतरी सुरू करा ना!" थांबणं चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारा, दम फारच लागत असेल तर तेही थांबत नाहीत.

आणि चौथी स्टेज म्हणजे 'आता काही दिवसच' असं नाही. आजार फुप्फुसाबाहेर पसरलाय, एवढाच त्याचा अर्थ. छातीतल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तरी चौथीच धरतात.

"तिला सांगू नका," हे आमच्याकडेही झालं. पण दारावरची 'कॅन्सर विभाग' ही पाटी तिलाही वाचता येत होती! शेवटी तिनेच डॉक्टरांना सरळ विचारलं.

एक कामाची गोष्ट. बायॉप्सीचा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो. दुसऱ्या हॉस्पिटलात मत घ्यायला जाताना पीडीएफवर भागत नाही, ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. पावती जपून ठेवा.